रेघेच्या अलीकडे

फेअरमीड गावात एनॉस पिकेटचं बियाण्यांचं दुकान होतं. मका, ओट, लाल क्लोव्हर, जे मागाल ते मिळायचं. पण "हे उगवेल ना रे?" असं कुणी विचारलं, की एनॉस म्हणायचा, "मूठभर घेऊन जा. ओल्या फडक्यात बांधून चुलीशेजारी ठेव. स्वतः बघ, मग घे." दुसरा कुणी दुकानदार छातीवर हात ठेवून सांगेल की उगवेल म्हणून, पण हा बाबा नाही. नवखं गिऱ्हाईक चिडायचं. मग गावातलं कुणी तरी जुनं माणूस समजावायचं, "अरे, एनॉसच्या तोंडून खोटं निघायचं नाही, म्हणून तो बोलतच नाही." हे कानावर आलं की एनॉस मागच्या खोलीत पोती सरकवायला निघून जायचा. लोकांना वाटायचं, काय हा विनय! विनय कसला? लाज होती ती, आणि ती त्याच्या अंगाला विसाव्या वर्षी चिकटली होती, ज्या साली आमच्या कॉलेजात फुटबॉल आला.

आम्ही स्वतःला 'मित्र' म्हणवतो, बाहेरचे लोक आम्हाला क्वेकर म्हणतात. आमच्यात सगळ्यांना अरेतुरे. बापाला, कॉलेजच्या अध्यक्षाला, वेळ पडली तर न्यायाधीशालासुद्धा. देवापुढे सगळे सारखे, मग अहोजाहो कुणाला करायचं? शिवाय आम्ही शपथ घेत नाही, कोर्टातही नाही. शपथ घेतल्यावर जो खरं बोलतो तो एरवी काय बोलत असेल, असं आमचे म्हातारे विचारायचे. इंडियानातल्या त्या भागात सगळ्यांना हे ठाऊक होतं, आणि सगळ्यांना ठाऊक आहे याचा आम्हाला भारी ताठा होता. साधे काळे कपडे घालून, मान खाली घालून आम्ही तो ताठा मिरवत होतो.

एनॉसचा बाप जोएल पिकेट पिठाची गिरणी चालवायचा आणि रविवारच्या सभेत वडीलधाऱ्यांच्या बाकावर, सगळ्यांकडे तोंड करून बसायचा. आमच्या सभेत पाद्री नाही, गाणं नाही. सगळे गप्प बसतात, आणि ज्याला आतून काही सुचेल तो उभा राहून बोलतो. जोएल वर्षातून फार तर एकदोनदा उभा राहायचा, त्यामुळे तो उभा राहिला की खोकणारेसुद्धा खोकला गिळायचे. एनॉस हा त्याचा एकुलता एक मुलगा. अंगापिंडानं दांडगा, पोती उचलून खांदे रुंद झालेले, पण कुणी चार शब्द कौतुकाचे बोललं की कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होणारा. वर्गात मास्तरनं नाव घेतलं तरी त्याला घाम फुटायचा.

भूगोलाच्या नव्या मास्तरनं फिलाडेल्फियाहून तो लांबट चेंडू आणला. नाव फुटबॉल, पण पाय लागायचा क्वचितच. चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या अकरा जणांतून घुसून शेवटच्या रेघेपलीकडे न्यायचा. समोरचे धरणार, पाडणार, वर पडणार. यात एक मोठी गंमत होती. धरलं म्हणून डाव थांबायचा नाही. ज्याच्या हातात चेंडू, त्यानं स्वतःच्या तोंडानं "पडलो!" म्हणायचं, तेव्हा डाव थांबायचा. तोवर त्याचे भिडू त्याला पुढे ओढणार आणि समोरचे मागे. कुणाची हाडं किती वेळ टिकतात त्यावर सगळं. एकदा का "पडलो" म्हटलं, की चेंडू तिथंच मेला. मग भले कुणी त्याला ढकलत दुसऱ्या परगण्यात नेऊन टाकू दे.

वडीलधाऱ्यांना हा प्रकार अर्थातच रुचला नाही. जोएल पिकेट सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "जिथं एकाला मातीत घातल्याशिवाय दुसऱ्याला पुढे जाता येत नाही, तो खेळ मित्रांचा नव्हे." हे बोलताना त्यानं मुलाकडे पाहिलं नाही, पण सगळ्या सभेनं पाहिलं. एनॉसनं बुटांकडे बघत ते ऐकून घेतलं. शेवटी बरीच चर्चा होऊन ठरलं, की एक हंगाम बघू. पोरं सुधारतात की बिघडतात ते दिसेल, मग काय ते ठरवू.

एनॉसनं बापाचं मन मोडून खेळायचं ठरवलं, त्याचं कारण साधं होतं. चेंडू पोटाशी आला की त्याची लाज पळून जायची. अकरा जण अंगावर पडलेले असताना कोण आपल्याकडे बघतंय याचा विचार करायला सवड कुठे? आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपला दांडगेपणा कामाचा वाटला.

डोक्याला मार बसू नये म्हणून पोरांनी केस वाढवले. मुली त्यांना बघून फिदीफिदी हसायच्या. कप्तान होता अल्वा मेसी, किराणा दुकानवाल्याचा मुलगा, बोलण्यात चटपटीत, तोंडाच्या जोरावर खेळ जिंकता येतो असं समजणारा. पहिला सामना असा हरलो, की परत येताना आगगाडीत कुणी कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या सामन्यात मात्र एक गोष्ट घडली. एनॉसला एकानं कमरेत धरलं. एनॉस "पडलो" म्हणाला, धरणाऱ्यानं हात सोडले, आणि मागून आलेल्या आपल्याच भिडूंच्या धक्क्यानं एनॉस पुढे ढकलला गेला. समोर मोकळं रान. पाय आपोआप पळाले आणि तो रेघेपलीकडे गेला. पंचानं हात वर केला. आमची माणसं टोप्या उडवायला लागली. तेवढ्यात एनॉस चेंडू घेऊन परत चालत आला.

"मी मागेच 'पडलो' म्हटलं होतं," तो पंचाला म्हणाला. "तुला ऐकू गेलं नसेल."

पंच बघतच राहिला. समोरचे खेळाडू हसले, मग हसायचे थांबले. तोही सामना आम्ही हरलो.

"अरे, तुला विचारलं होतं का कुणी?" अल्वा गाडीत त्याच्यावर उखडला. "पंचाचं काम पंचाला करू दे की!"

"पण मी म्हटलं होतं, अल्वा."

"म्हटलं होतंस! मोठा आला सत्यवादी!"

पण ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. आसपासच्या वर्तमानपत्रांनी छापली. तिसऱ्या सामन्यात तर पंचाला काही दिसलं नाही, की तो सरळ एनॉसला विचारायचा, "काय रे क्वेकर, कुठं होता चेंडू?" एनॉस सांगायचा तसं व्हायचं. कधी आमच्या बाजूनं, जास्त वेळा आमच्या विरुद्ध. तो सामना बरोबरीत सुटला. अल्वाची बडबड थांबली. एनॉसच्या शब्दाला बाजारात भाव आहे हे त्या किराणावाल्याच्या पोराच्या लक्षात आलं असावं, पण हे मी मागाहून म्हणतोय. त्यानं एनॉसला वाकडं काही सुचवलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

शेवटचा सामना मार्लो कॉलेजशी, आमच्याच कुरणावर, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी. एकही सामना न जिंकता हंगाम संपला असता तर वडीलधाऱ्यांनी तो चेंडू पुरून टाकला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. सकाळपासून बर्फाळ पाऊस. चुन्याच्या रेघा केव्हाच चिखलात गेल्या होत्या. शेवटच्या रेघेच्या दोन टोकांना दोन खुंट्या, बाकी अंदाज.

मार्लोकडून एनॉसच्या समोर गस रीनर नावाचा गडी होता. जर्मन वीटभट्टीवाल्याचा मुलगा, बुटका, जाड मानेचा. त्यानं पहिल्या डावापासून एनॉसला छळायला घेतलं. कोपर बरगडीत, गुडघा मांडीत, आणि तोंडाचा पट्टा अखंड.

"काय रे तू-तू, लागलं का तुला? तुझ्या बापाला पण तू म्हणतोस? माझ्या बापाला म्हणून बघ, विटेत भाजून काढेल!"

एनॉस खेळत राहिला. त्याच्या भिडूंना मधूनच हसू यायचं, कारण गस खरंच गमतीदार होता. ते हसू एनॉसला कोपरापेक्षा जास्त लागत होतं.

अंधारून आलं. गुण सारखे. शेवटचा डाव असावा. अल्वानं चेंडू एनॉसच्या पोटात दिला आणि सगळे मागून ढकलायला लागले. रेघ अगदी जवळ आली. मग गसनं त्याला खालून कमरेत मिठी मारली आणि डोकं पोटात रोवलं. वरून चार जण कोसळले. एनॉसचा श्वास थांबला. बरगड्या आता जाणार असं वाटलं. आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेला: "पडलो."

तो मोठ्यानं म्हणाला नव्हता. लोकांचा गलका एवढा होता, की पंचाला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ढीग तसाच पुढे सरकला, घसरला आणि रेघेपलीकडे जाऊन आपटला.

एकेक जण उठला. शेवटी चिखलात एनॉस, त्याच्या पोटाखाली चेंडू, आणि कमरेला अजून गस.

"अलीकडे म्हणाला!" गस ओरडला. "मी ऐकलं, माझ्या कानात म्हणाला! हात दोन हात अलीकडे! विचारा त्याला!"

पंच वाकला. त्याच्या मिशांवरून पाणी गळत होतं. मार्लोचा कप्तान टटल आला, अल्वा आला, सगळे कोंडाळं करून उभे राहिले. कुणी आरडाओरडा केला नाही. एनॉसला विचारायचं आणि तो सांगेल ते खरं मानायचं, याबद्दल दोन्ही बाजूंना काडीची शंका नव्हती.

"क्वेकर," पंच म्हणाला, "कुठं म्हणालास? अलीकडे की पलीकडे?"

एनॉसनं वर पाहिलं. कुणाच्याही चेहऱ्यावर संशय नव्हता. गसच्या चेहऱ्यावरही नव्हता. आता हा खरं सांगणार, म्हणून तो दात दाखवून हसत होता.

"पलीकडे," एनॉस म्हणाला.

गसचं हसू जागच्या जागी राहिलं. मग तो म्हणाला, "खोटं. खोटं बोलतोय हा!" आणि एनॉसच्या अंगावर धावला. त्याच्याच लोकांनी त्याला मागे खेचलं. टटलनं त्याच्या दंडाला धरून हिसडा दिला. "तोंड सांभाळ, गस! क्वेकरला खोटारडा म्हणतोस? काही लाज आहे का?"

सामना आम्ही जिंकला. एनॉसला खांद्यावर घेऊन पोरं कॉलेजच्या दारापर्यंत गेली. ज्या मुली केसांना हसल्या होत्या त्यांनी सफरचंदाचा गरम रस आणून दिला. एनॉसनं पेला तसाच खाली ठेवला. आपण असं का बोललो हे त्याला कळत नव्हतं. गसच्या टोमण्यांचा राग होता, जिंकायची हाव होती, ते सगळं होतंच. पण खरं सांगायचं तर तोंडातून शब्द निघून जाईपर्यंत आपण खोटं बोलू शकतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. मासिकांतल्या गोष्टींमधल्या चोरांसारखं आधी मनात काही ठरवावं लागत असेल, असं त्याला वाटायचं. काही लागत नाही. एक शब्द आणि झालं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सभा बसली. शेगडीत लाकूड तडतडत होतं. बराच वेळ शांतता, आणि मग वडीलधाऱ्यांच्या बाकावर जोएल पिकेट उभा राहिला.

"मी या खेळाविरुद्ध बोललो होतो," तो म्हणाला. "काल संध्याकाळी गिरणीवर बाहेरचे लोक आले. आपले नव्हेत ते. ते म्हणाले, तिथं पंचाच्या डोळ्यांपेक्षा आपल्या एका मुलाच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला गेला. चिखलात, मारामारीत, हरण्या-जिंकण्याच्या वेळेला. मी समजत होतो की तिथं आपलं काही टिकणार नाही. मी चुकलो होतो. हे सांगायला मी उभा राहिलो आहे."

आणि तो बसला. बसताना त्यानं मुलाकडे पाहिलं. आयुष्यात असं त्यानं पाहिलं नव्हतं.

एनॉसला तेव्हाच उठायला हवं होतं. आमच्या सभेत ते अगदी सोपं आहे. उभं राहायचं आणि बोलायचं, कुणी अडवत नाही. पण तो बसून राहिला. सभा संपली, लोकांनी एकमेकांशी हात मिळवले. सगळ्यांनी त्याचाही हात हातात घेतला, आणि त्याला वाटलं, यांच्या हाताला काही तरी लागेल.

मग मंगळवारी टटल आला. रविवारचा कोट घालून, आगगाडीनं, मुद्दाम. कॉलेजच्या पायऱ्यांवर त्यानं एनॉसला गाठलं. अल्वाही तिथंच होता.

"पिकेट, मी आमच्या कॉलेजतर्फे माफी मागायला आलोय," टटल म्हणाला. "आमच्या माणसानं तुला सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं. आम्हाला मान वर करायला जागा राहिली नाही. अजूनही तो ऐकत नाही, मी ऐकलं, मी ऐकलं, हेच चालू. आम्ही त्याला सांगितलं, माफी माग नाही तर संघातून चालता हो. तो नाही म्हणाला. आता जेवायच्या टेबलावर त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. काल तर ट्रंक घेऊन घरी गेला."

"घरी गेला?" एनॉस म्हणाला.

"बापाच्या भट्टीवर. त्याची तीच जागा. चल, हात दे, झालं गेलं विसरून जा."

एनॉसनं हात दिला. दिला! तोंडातून एक शब्द न काढता त्यानं ती माफी खिशात घातली. टटल गेल्यावर तो पायरीवर बसला आणि अल्वाला म्हणाला, "मी अलीकडेच म्हटलं होतं."

अल्वानं मागेपुढे पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मी तुला खोटं बोलायला सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस? एनॉस, ऐक. आता तू तोंड उघडलंस तर एकट्या तुझी अब्रू जाणार नाही. कॉलेजची जाईल, सभेची जाईल, तुझ्या बापाची जाईल. परवा सभेत काय बोलला तो, ऐकलंस ना? गिळ आणि गप्प बस."

एनॉसनं गिळायचा प्रयत्न केला. शनिवारपर्यंत केला. मग मार्लोची गाडी पकडली.

रीनरची भट्टी गावाबाहेर होती. थंडीत विटा पाडत नाहीत. माती खणून ढीग लावून ठेवतात, दंवानं ती मोकळी होते. गस खड्ड्यात उभा राहून खणत होता. त्यानं एनॉसला येताना पाहिलं आणि फावडं थांबवलं नाही.

"गस, मी अलीकडे म्हटलं होतं," एनॉस काठावरून म्हणाला.

"मला काय सांगतोस?" गस म्हणाला. "मला माहीतच आहे. जगात तेवढा एकच माणूस आहे ज्याला ते सांगायची गरज नाही, आणि तू गाडीभाडं खर्चून त्यालाच सांगायला आलास."

गसनं फावडं मातीत रोवलं.

"माझा बाप तीन दिवस माझ्याशी बोलला नाही, माहितीय? त्याला वाटतं मी हरलो म्हणून रडतोय आणि भल्या माणसाच्या नावानं खडे फोडतोय. घरातला पहिला शिकणारा मी. जा. त्यांना सांग जाऊन. जेवायला बसले असतील आता."

गस चिखलाच्या बुटांनिशी मागोमाग आला. कॉलेजच्या जेवणघरात पोरं मक्याची भाकरी आणि घेवड्याची उसळ चापत होती. एनॉस दारातून आत गेला, टटलच्या टेबलाजवळ उभा राहिला, आणि कानापर्यंत लाल होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "गस खरं बोलला. मी अलीकडे 'पडलो' म्हटलं होतं. मी खोटं बोललो."

टटल उभा राहिला. त्याचे डोळे पाणावले होते.

"बघा!" तो सगळ्यांकडे वळून म्हणाला. "बघा रे, याला म्हणतात माणूस! आपल्या एका पोराची अब्रू वाचावी म्हणून हा इतक्या लांब आला, आणि डाग स्वतःच्या अंगावर घ्यायला निघाला!"

"नाही, तसं नाही. मी खरंच—"

"बस, पिकेट, बस! आम्हाला कळतं. तुम्हा लोकांचं असंच असतं."

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणी एनॉसच्या पाठीवर थाप मारली, कुणी गसला ओरडून म्हणालं, "शीक काही तरी याच्याकडून!" एनॉस "नाही, नाही" म्हणत राहिला आणि जितकं म्हणाला तितक्या टाळ्या वाढल्या. खोटं बोलला तेव्हा विश्वास ठेवला, आणि आता खरं बोलतोय तर त्याला चांगुलपणा म्हणतात! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर आल्यावर गस म्हणाला, "आता पुरे कर, बाबा. तू जितकं बोलतोस तितका मी खाली जातो." एवढं बोलून तो भट्टीकडे चालू लागला.

एनॉस घरी पोचला तेव्हा जोएल गिरणीत जात्याच्या दगडाला टाकी लावत बसला होता. मुलाचं सगळं बोलणं त्यानं हात न थांबवता ऐकलं. "ते माझ्यावर विश्वासच ठेवत नाहीत," एनॉस म्हणाला, तेव्हा मात्र हातोडी थांबली.

"मी ठेवतो," जोएल म्हणाला.

हे ऐकून एनॉसला रडू फुटलं. साऱ्या जगात आपण खोटं बोललो यावर विश्वास ठेवणारा पहिला माणूस आपला बाप निघावा!

"मागच्या रविवारी मी सभेत उभा राहिलो," जोएलनं विचारलं, "तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"आणि तू बसून राहिलास."

"हो."

जोएलनं अंगावरची दगडाची धूळ झटकली. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला होता, आणि तो आपल्यामुळे झालाय हे एनॉसला बघत बसावं लागलं.

"उद्या सभेनंतर घोडी जुंप," तो म्हणाला.

सभेत जोएल पुन्हा उभा राहिला आणि मागच्या आठवड्याचे आपले शब्द त्यानं मागे घेतले, का तेही सांगितलं. सभेतलं कुणी हललं नाही. अल्वा मेसी खाली बघत होता. मग बापलेक बग्गीतून मार्लोला गेले. रस्ता गोठलेला, चाकं खडखडत होती.

मार्लोचं रविवारचं जेवण चाललं होतं. हॅट डोक्यावर तशीच ठेवून जोएल जेवणघरात शिरला. आमचे म्हातारे कुणापुढे हॅट काढत नसत. गव्हर्नर आला तरी नाही. ती फक्त प्रार्थनेला, देवापुढे काढायची. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली.

"मी जोएल पिकेट. हा माझा मुलगा," तो म्हणाला. "याच्या मनाचा मोठेपणा म्हणून तुम्ही काल टाळ्या वाजवल्यात. तो मोठेपणा नव्हता. माझा मुलगा तुमच्याशी खोटं बोलला, आणि मी आमच्या सभेत त्या खोट्याची तारीफ केली. तुमचा मुलगा खरा होता. तो कुठं आहे?"

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. पोराचं नाव असं चारचौघांत बुडवायला कुठला बाप थट्टेत तरी येईल? टटलचा रंग उडाला. "भट्टीवर," तो कसाबसा म्हणाला.

"चला मग," जोएल म्हणाला.

ताटं तशीच टाकून पोरं निघाली. जोएल पुढे, एनॉस त्याच्या मागे, आणि मागून ती सगळी वरात, टोप्या कानावर ओढत. वारा असा, की डोळ्यांतून पाणी यावं. रीनर कुटुंब चर्चमधून नुकतंच आलं होतं. गस आणि त्याचा बाप भट्टीवर ताडपत्री बांधत होते. एवढी गर्दी बघून म्हाताऱ्या रीनरनं मुलाला मागे सारलं आणि स्वतः पुढे झाला.

"आता काय केलं यानं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," जोएल म्हणाला. "तुझा मुलगा खरं बोलला. माझा खोटं बोलला."

आणि त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावरची हॅट काढली. गसपुढे, वीटभट्टीवाल्याच्या त्या बुटक्या पोरापुढे, पांढऱ्या केसांचं उघडं डोकं खाली घालून तो उभा राहिला. एनॉसला सभेत बसून राहताना जेवढी लाज वाटली नव्हती, खांद्यांवर बसून, टाळ्या घेऊन वाटली नव्हती, तेवढी आता वाटली. काढायला त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. त्याच्या जागी बाप उभा होता.

म्हातारा रीनर मुलाकडे वळला. त्यानं नुसता गसच्या मानेवर हात ठेवला. मार्लोची पोरं एकमेकांच्या मागे तोंड लपवत होती.

गसनं ताडपत्रीची दोरी हातातून सोडली. तो जोएलच्या जवळ आला. त्याच्या जिभेवर नेहमी असायचं तसं काही तरी येईल असं सगळ्यांना वाटलं, पण त्याचा आवाज बसला होता.

"हॅट घाला, मिस्टर पिकेट," तो म्हणाला. "वारा फार गार आहे."

एनॉसकडे त्यानं पाहिलं नाही.